झाकणाखालचे आकडे

११ जून २०२४, अमळनेर

डायरी लिहायची मला सवय नाही. प्रकल्पातल्या प्रत्येकाने रोजचं टिपण ठेवावं असं धुळ्याच्या ऑफिसातून रुपचंद सरांनी बजावलंय, पण ते टिपण सरकारी, ते तिकडे जाईल. ही वही माझी. माझ्या वडिलांनी, नानांनी, कपाटातून काढून दिली. बाजार समितीची आहे, चार वर्षं जुनी. वार जुळत नाहीत, पण कोरी पानं भरपूर आहेत.

काम असं : पाच वर्षांखालची मुलं काय खातात, किती वाढतात, आणि टाळता येण्यासारखे आजार त्यांना का होतात, याचा सरकारी अभ्यास. जळगाव आणि धुळे मिळून बारा गावं. वर्षभर, दर महिन्याला, प्रत्येक मुलाचं वजन, उंची आणि दंडाचा घेर. माझ्याकडे पारोळ्याकडचं एक गाव आलं, उंबरपाट. आहारशास्त्रात एम.एस्सी. होऊन सात वर्षं झाली, एवढ्या काळात पदवीची कुणी चौकशी केली नव्हती. अकरा महिन्यांचा करार का असेना, घोडं गंगेत न्हालं.

नवा काटा घरी आणला तर नाना त्याच्याभोवती दोन चकरा मारून आले. तीस वर्षं मार्केट यार्डात मापाडी होते ते. म्हणाले, "किती बारीक दाखवतो?"

"दहा ग्रॅमपर्यंत, नाना."

"मग आवाज मोठा ठेव. वजन पुकारायचं असतं. ज्याचा माल आहे त्याच्या कानावर गेलं नाही, तर ते माप नाही."

मी म्हटलं, मी काय तूर मोजायला चाललेय? नाना हसले आणि पेपर वाचायला गेले.

१४ जून

उंबरपाटचा पहिला दिवस. हसावं की रडावं!

अंगणवाडीच्या सेविका लिलाबाई अक्कांनी सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. आल्या बायका सतरा, पण काट्यावर मूल ठेवायला एक तयार नाही. सगळ्या एका म्हातारीकडे बघत होत्या. भागाबाई तिचं नाव. मांडीवर नातवाचा मुलगा, चौदा महिन्यांचा, गोरा, गुटगुटीत, गालावर रुपयाएवढी काजळाची तीट. म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "पोऱ्याले तोली ऱ्हायनात? गूळ शे का तो?"

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले, पण ती हसत नव्हती. तिच्या नणंदेने नवसाची म्हणून मुलाची गुळाने तुला केली होती म्हणे. बघणारे म्हणाले, केवढा भरला हो पोऱ्या! महिन्याभरात मूल गेलं. "मोठ्यानं तोलेल पोऱ्या टिकस नही, बाई. आकडा तोंडवर उना का नजर लागनी."

मी विज्ञान सांगितलं. विज्ञान ऐकून चार बायका उठून गेल्या. संध्याकाळपर्यंत सहा मुलं झाली, तीही ज्यांच्या घरी सासू नाही त्यांची. रुपचंद सरांचा फोन : "सहा? हेमांगी, धुळ्याकडे तोतारामने एका दिवसात चाळीस केलीत." हा तोताराम माझ्याबरोबरच लागलाय. कपाळ माझं.

१८ जून

सुंठीवाचून खोकला गेला!

रात्रभर विचार करत होते असं काही नाही, अंघोळीला गेले आणि सुचलं. बुटाच्या खोक्याचं झाकण कापलं आणि काट्याच्या आकड्यावर बसवलं, एका बाजूने उघडं. आकडा फक्त मला दिसतो. मी वाकायचं, बघायचं, लिहायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. भागाबाईला आधी रिकामा काटा दाखवला, मग झाकण दाखवलं. तिने स्वतः डोळा लावून खात्री केली की बाजूला बसलेल्याला काही दिसत नाही.

"आते बरं शे. तू लिख, बोलू नको," म्हणाली, आणि सगळ्यांत आधी आपलाच पणतू काट्यावर ठेवला. ललित. नऊ किलो शंभर. काय गोड मुलगा आहे! पेन ओढून घेतलं माझं.

त्याची आई सारिका मागे उभी होती, डोक्यावर पदर, बावीस-तेवीसची असेल. तिने काट्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे बघितलं. मी तोंड मख्ख ठेवलं. कला आहे ती पण.

आधीची सहा धरून एकेचाळीस मुलं!

२ जुलै

झाकणाची कीर्ती धुळ्याला पोचली. रुपचंद सर म्हणाले, "लोकांच्या भावना सांभाळून काम करणं म्हणतात ते हे." सगळ्या बारा गावांत तसंच झाकण करून देणार आहेत, प्लास्टिकचं. तोतारामचा मेसेज आला : "झाकणवाल्या ताईंना नमस्कार." जळतोय मेला.

१६ जुलै

उंबरपाट, दुसरी फेरी. बेचाळीसपैकी बेचाळीस. ललित नऊ किलो. दात येतायत, म्हणून असेल. भागाबाईने मला भरपूर साखरेचा चहा दिला आणि बशीतला अर्धा ललितला. बिस्कीट बुडवून. मी म्हटलं, आजी, एवढ्याशा मुलाला चहा? ती म्हणाली, मना बठ्ठा पोऱ्या चहावरच वाढनात. कोण वाद घालणार! मला घोटभर चहाची गरज होतीच.

१३ ऑगस्ट

लिहायलाच हवं म्हणून लिहिते. आज ललितच्या दंडाचा घेर मोजला, तर रंगीत पट्टी पिवळ्यात आली. बारा पॉइंट चार सेंटीमीटर. वजन आठ किलो आठशे. लाल म्हणजे लगेच दवाखाना, पिवळी म्हणजे घरच्यांना त्याच दिवशी समजावून सांगायचं, काय खाऊ घालायचं ते, आणि फॉर्मवर खूण करायची : "पालकांना कळवले : होय / नाही." 'नाही' केलं की वेगळ्या कागदावर कारण लिहावं लागतं, आणि मग सरांचा फोन.

आता सांगू कशी? भागाबाई समोर बसलेली, मागे बायकांची रांग. मूल घटलं असं त्या रांगेत बोलले असते तर पुढच्या महिन्यात झाकण काय आणि काटा काय, कुणी फिरकलं नसतं. सारिकाला बाजूला घ्यावं म्हटलं, तर तिच्या कडेवर हंडा, आणि मला पारोळ्याची साडेपाचची गाडी गाठायची होती. पुढच्या वेळी सांगेन. तसं फार काही नाही, पिवळी आत्ताच लागली आहे. 'होय' वर खूण केली.

लिलाबाई अक्का आपल्या रजिस्टरमध्ये माझेच आकडे उतरवून घेतात. त्यांचा काटा बिघडलाय. म्हणाल्या, "ताई, पिवळीवाल्यांच्या घरी मी जाऊ का तुम्ही सांगता?" मी म्हटलं, माझा रकाना आहे तो, मीच सांगते.

१९ सप्टेंबर

गणपतीच्या गडबडीत फेरी लांबली. आज एकूण सात मुलं पिवळी. सातही ठिकाणी 'होय'.

ललित आठ किलो सातशे, बारा पॉइंट दोन. आज सारिका माझ्या मागे हातपंपापर्यंत आली. पहिल्यांदाच आपणहून बोलली. "ताई, मना पोऱ्यानं बरं शे ना?"

भागाबाई ओट्यावरून बघत होती. मी म्हटलं, "छान आहे." आणि हसले.

तीही हसली. तिने मला ओच्यातून काढून दोन भाजलेली कणसं दिली. गाडीत बसून खाल्ली. काही गोष्टी मोकळेपणी बोलायला ओळख आणखी मुरावी लागते. ती मुरतेय.

१५ ऑक्टोबर

कापूस वेचणी सुरू. बायका पहाटे शेतात, मुलं म्हाताऱ्यांकडे. ललित आठ किलो पाचशे, घेर बारा. मी काट्यावर ठेवला तेव्हा त्याने पेनाकडे हात केला नाही. भागाबाईने स्वतःच पुढे होऊन झाकण नीट बसवलं. "तुनी युगत भारी शे, बाई. गावना एक बी पोऱ्याले नजर लागनी नही."

होय.

१६ ऑक्टोबर

काल लिहिलं ते वाचलं. सात मुलांची आता दहा झालीत. सरांना फोन केला की पिवळ्यांचं काही करायला हवं. ते म्हणाले, "कळवलंस ना तू? मग झालं तर. आपली गावं फक्त मोजायची आहेत. खाऊचे लाडू ज्या सहा गावांत देतोय ती वेगळी. फरक दिसायला हवा ना, हेमांगी, नाहीतर अभ्यास कसला?"

बरोबर आहे त्यांचं. मला उगाच मनाला लावून घ्यायची खोड आहे. नाना म्हणतात तसं, खाई त्याला खवखवे. पण मी काही खाल्लेलं नाही.

१२ नोव्हेंबर

ललित आठ किलो दोनशे. अकरा पॉइंट सात. लाल अकरा पॉइंट पाचला.

आज ठरवून गेले होते की सारिकाला सांगायचंच. ती कापसावर होती. तिचा नवरा समाधान ट्रॅक्टरवर. भागाबाईला सांगायला तोंड उघडलं तर तिने हात वर केला : "तुले बोलू नको म्हनं व्हतं ना?" मी तोंड मिटलं. खूण केली. गाडी पकडली.

लिहिताना लाज वाटतेय. पण अजून लाल नाही.

१० डिसेंबर

उंबरपाट. ललितला काट्यावर घेतलं नाही. झोपला होता. "उठाडू नका, दोन दिनपाईन जुलाब लागेल शेतस," भागाबाई म्हणाली. मी साखर-मिठाचं पाणी सांगितलं, पाकीट दिलं आणि पुढच्या आठवड्यात येते म्हणून निघाले. अजून एकतीस मुलं बाकी होती.

१५ डिसेंबर, धुळे

लिलाबाई अक्कांचा सकाळी फोन, ललितला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात हलवलंय. जुलाब थांबेनात, त्यात छाती भरली. मी तशीच निघाले.

डॉक्टरांनी विचारलं, बाळाच्या आधीच्या नोंदी आहेत का? मी मोठ्या तोऱ्यात रजिस्टर काढून दिलं. मला वाटलं, निदान इथे तरी माझ्या कामाचा उपयोग.

त्यांनी पान उलटलं. मग चष्म्यावरून सारिकाकडे बघितलं. "ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. चार वेळा सांगितलंय तुम्हाला, बाई. चार वेळा! तारखा आहेत इथे. मूल चार महिने वाळतंय आणि तुम्ही आत्ता आणताय? अंगात बळ असतं तर हे जुलाब चार दिवसांत बरे झाले असते."

सारिकाने माझ्याकडे बघितलं. समाधानने तिच्याकडे बघितलं.

मी तिथे होते. हाताच्या अंतरावर. एवढंच म्हणायचं होतं की नाही हो, मी नाही सांगितलं. पाच शब्द. मी म्हटलं, "सलाईन चालू आहे का?"

१९ डिसेंबर

ललित गेला.

२० डिसेंबर

आज काही लिहिता येत नाही. नानांनी जेवायला बोलावलं, मी पोट दुखतंय म्हटलं.

६ जानेवारी २०२५

पाच वर्षांखालचं मूल गेलं की त्याचा एक वेगळा फॉर्म भरतात. कशाने गेलं, उशीर कुठे झाला, कोणामुळे झाला. रुपचंद सरांनी धुळ्याला बोलावलं. फॉर्म भरून तयार होता. उशिराच्या रकान्यात लिहिलेलं : "क्षेत्र कर्मचाऱ्याने चार वेळा माहिती देऊनही मातेने दुर्लक्ष केले."

"तुझी बाजू एकदम भक्कम आहे," सर म्हणाले. "कागद बोलतो."

मी म्हटलं, सर, ते 'दुर्लक्ष' जरा कडक वाटतं. ते म्हणाले, शब्द ठरलेले आहेत, छापील यादीतून निवडायचे असतात.

सही केली. तिथे बसून, निळ्या पेनाने. याच पेनाला ललित ओढायचा. मेले मी, पण सही केली.

१४ जानेवारी

संक्रांत. लिलाबाई अक्कांना फोन केला, तिळगूळ घ्या म्हटलं. त्या म्हणाल्या, सारिका माहेरी गेली, पाचोऱ्याला. मी म्हटलं, बरं झालं, आईजवळ जरा विसावा मिळेल. अक्का म्हणाल्या, "हा. विसावाच म्हणायचा."

२७ जानेवारी, धुळे

सहामाही बैठक. पडद्यावर आमचे सगळ्यांचे आकडे. सध्या पिवळी मुलं तीनशे अकरा, त्यांतल्या सत्त्याण्णव टक्के पालकांना कळवले. टाळ्या. माझ्या झाकणाचा फोटोही होता, खाली माझं नाव.

जेवताना तोतारामच्या शेजारी बसले. विचारलं, "तू खरंच सांगतोस का रे घरोघर?"

त्याने मठ्ठ्याचा ग्लास खाली ठेवला. "वेड लागलं का? झाकण लावून बसायचं आणि वर आकडे सांगायचे? तूच तर शिकवलंस सगळ्यांना, ताई." आणि हसला. वाईट मनाने नाही हसला तो, आपण सगळे एकाच बोटीतले तशा हसण्याने.

तीनशे अकरा. उंबरपाटपुरतं चुकलंय असं मी इतके दिवस समजत होते.

२९ जानेवारी

नानांना सगळं सांगितलं. ऑगस्टपासून. ते शेंगा सोलत होते, सोलणं थांबवलं.

मग म्हणाले, "हेमा, तीस वर्षांत माझी मापं चुकली नाहीत असं नाही. एकदा एका शेतकऱ्याचं पोतं मी चार किलोने कमी पुकारलं. त्याने तिथल्या तिथे हटकलं, कारण त्याला ऐकू गेलं होतं. पुकारलेली चूक दुरुस्त होते गं."

मी रडले. नानांनी सोललेले दाणे माझ्या तळहातावर ठेवले, लहानपणी ठेवायचे तसे. त्याने जास्तच रडू आलं.

३० जानेवारी

पत्र लिहून रुपचंद सरांना पाठवलं, मेलने आणि पोस्टानेही. उंबरपाटमधल्या माझ्या सगळ्या 'होय' खोट्या आहेत. ललितच्या आईला मी एकदाही कळवलं नाही. मृत्यूच्या फॉर्मवरची माझी सही मी मागे घेते. बाकीच्या गावांतही घरोघर जाऊन तपासावं, आणि झाकणं आजच काढावीत.

तासाभरात फोन. आधी चिडले, मग समजावलं, मग आवाज खाली आणला. "तुझ्या एका खुणेसाठी सगळा अभ्यास खोटा पडेल. एप्रिलात तुझा करार वाढवायचा विचार चालू होता."

"सर, तीनशे अकरा मुलं आत्ता जिवंत आहेत," मी म्हटलं.

फोन ठेवला त्यांनी. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

२ फेब्रुवारी

उंबरपाटला गेले, काटा न घेता. समाधान ओट्यावर बसला होता. भागाबाई आत चुलीपाशी. मी म्हटलं, सारिकाबद्दल बोलायचंय. तो म्हणाला, "तिनं नाव काढू नका."

तेव्हा कुठे मला कळलं. इतकी कशी मी मठ्ठ? ती विसाव्याला गेलेली नाही, तिला पाठवून दिलंय. समाधानने तुटक तुटक सांगितलं : दवाखान्यातून आल्यावर त्याने तिला विचारलं, चार महिने तू मला का बोलली नाहीस? ती म्हणाली, मला कुणी सांगितलंच नाही. तो म्हणाला, कागदावर तारखा आहेत, सरकारी माणूस खोटं कशाला लिहील? नातेवाइकांत बैठक झाली. पोराला मारलं म्हणाले तिला. दहाव्याला भाऊ आला आणि घेऊन गेला.

मी ओट्यावर चढलेच नाही. अंगणात उभी राहून सांगितलं, शेजारच्या दारांत बायका आल्या तरी थांबले नाही. तिला कुणीही सांगितलं नव्हतं. खुणा मी खोट्या केल्या. तिने विचारलं तेव्हाही मी छान आहे म्हटलं.

समाधान उठला, परत बसला. "आते सांगीसन काय फायदा, म्याडम?" एवढंच बोलला.

भागाबाई दारात आली होती. तिला आज पहिल्यांदा आधारासाठी चौकट धरताना पाहिलं. "मीच तुले बोलू दिन्हं नही," म्हणाली. "मीच सांगं व्हतं, बोलू नको." मी म्हटलं, आजी, तुम्ही शिकलेल्या नाही. मी शिकले होते. ती आत गेली आणि चुलीपाशी मोठ्याने रडायला लागली.

निघताना समाधान रस्त्यापर्यंत आला. म्हणाला, "तिले तुम्हीच सांगा. मी काय तोंड लईसन जाऊ?" मी म्हटलं, भाऊ, मी सांगून येते, पण तोंड तुम्हालाही न्यावंच लागेल.

४ फेब्रुवारी, पाचोरा

सकाळच्या रेल्वेने गेले. नाना म्हणाले, येऊ का? मी नको म्हटलं.

स्टेशनापासून पंधरा मिनिटांवर तिच्या आईचं घर. सारिका दारात सूप घेऊन मिरच्यांची देठं खुडत बसली होती. बारीक झालीय. मला बघून तिने पदर डोक्यावर ओढला आणि बसायला पोतं सरकवलं. मी आले म्हणून तिला राग नाही, आश्चर्य नाही. तिला वाटलं, मी विचारपूस करायला आलेय.

वाटेत मी बोलायचं काय काय ठरवलं होतं. त्यातलं काही तोंडात आलं नाही. म्हटलं, "सारिका, त्या चारही वेळा मी तुला सांगितलं नव्हतं. कागदावर खोटं लिहिलं मी."

तिचे हात थांबले.

"एक बी डाव नही?"

"एकदाही नाही."

तिने हातातली मिरची सुपात टाकली. मग बोलायला लागली, हळूहळू, माझ्याशी नाही तर त्या सुपाशी बोलल्यासारखी. "मी रोज याद करस, ताई. त्या डॉक्टरनी महिना सांगात ना, मी एकेक महिना याद कया. ऑगस्टमा मी कोठे व्हती, कापूस येचती तवय कोन काय बोलनं. तुमनं माले एकच याद येस. हातपंपजोडे. छान शे म्हनात तुम्ही. मंग माले वाटे, मनंच डोकं फिरी गयं. सांगं व्हई ताईनी, मनाच ध्यानमा ऱ्हायनं नही. माय व्हईसन मी इतलं कसं इसरनी?"

मी म्हटलं, "तू विसरली नाहीस. मी तेवढंच बोलले होते."

"म्हंजे मी इसरनी नही."

"नाही."

"मी इसरनी नही," ती परत म्हणाली. आतून तिची आई बाहेर आली, काय झालं म्हणत. सारिकाने तिच्याकडे वर बघितलं. "माय, मी इसरनी नव्हती वं."

आणि मग रडली. मला वाटलं होतं ती मला शिव्या देईल, हाकलून देईल. द्यायला हव्या होत्या. मी तिच्यासमोर बसून राहिले, आणि तिच्या आईने मला पाणी दिलं ते मी घेतलं.

शांत झाल्यावर तिने तोंड पुसलं. म्हणाली, "माले मालूम ऱ्हातं तं मी कापूसले गयी नसती. घर ऱ्हायनी असती त्यानाजोडे." त्यात राग नव्हता. नुसतं सांगितलं तिने, आणि ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग विचारलं, "ते कागद शेतस का तुमनाजोडे? कितलं व्हतं त्यानं वजन?"

रजिस्टरची नक्कल पर्समध्ये होती. मी काढली आणि हळू आवाजात सुरुवात केली. तिने मान हलवली.

"मोठ्यानं वाचा."

मी मोठ्याने वाचलं. गल्लीतली दोन माणसं थांबली. जून, नऊ किलो शंभर. जुलै, नऊ किलो. ऑगस्ट, आठ किलो आठशे. सप्टेंबर, आठ किलो सातशे. ऑक्टोबर, आठ किलो पाचशे. नोव्हेंबर, आठ किलो दोनशे. प्रत्येक आकड्याला ती मान हलवत होती, पोरगा डोळ्यांसमोर आणून ताडून बघत असावी.

मी कागदाची घडी घातली.

"डिसेंबर?" तिने विचारलं.

डिसेंबरात मी त्याला काट्यावर घेतलंच नव्हतं. तो झोपला होता, आणि मला घाई होती. तेही मी मोठ्याने सांगितलं.